आहे का ते आधी बघा!

हा गृहस्थ तुमच्याही ओळखीत आहेच. गणेश मंडळाची, माजी विद्यार्थ्यांची, झालंच तर ट्रेकच्या ग्रुपची वेबसाइट हाच करून देतो. पैसे घेत नाही, डोकं खातो. आम्ही त्याला थीमशास्त्री म्हणतो.

शास्त्रीबुवांचा सगळा जीव लेखाखालच्या दोन दुव्यांत अडकलेला: ‘मागचा लेख’ आणि ‘पुढचा लेख’. आता पहिल्या लेखाला मागचा नसतो, ताज्याला पुढचा नसतो. वर्डप्रेस तिथे दुवा छापतच नाही, पण थीमवाल्याने त्याच्याभोवती आखलेली चौकट मात्र रिकामी उरते. ती दिसली की याचं पित्त खवळतं. म्हणून आधी ‘इफ’ लावून विचारायचं, मागचा लेख आहे का? असेल तरच चौकट. काम दोन ओळींचं. 2014च्या 4.1 आवृत्तीपासून तर दोन्ही दुवे एकदम देणारं तयार फंक्शनच मिळतं. एकदा सुचवून बघा. ‘त्यात माझी चौकट कुठाय?’

बरं, हे खूळ कॉम्प्युटरपुरतं राहावं की नाही! एका लग्नाच्या पंगतीत पानाशेजारी मठ्ठ्याच्या रिकाम्या वाट्या मांडलेल्या.

‘मठ्ठा आहे का?’

‘येतोय,’ वाढपी म्हणाला.

‘आहे का ते आधी बघा!’

‘येतोय हो काका.’

‘म्हणजे नाही. वाट्या उचला.’

अख्ख्या पंगतीच्या वाट्या गेल्या आणि मागोमाग मठ्ठा आला. आम्ही तो पाण्याच्या ग्लासांतून प्यायलो. जिलबी खाताना मुलीचे मामा याच्याकडे बघत होते, ते बघणं चांगलं नव्हतं.

घरीही तेच. मसाल्याच्या डब्यातली जिऱ्याची वाटी रिकामी दिसली, याने काढून टाकली. बाकीच्या वाट्या मोकळ्या जागेत घसरल्या आणि हळदीत तिखट सांडलं. वहिनींनी डबा पुढ्यात आदळला, तर हा खूश! ‘अगं, मागचा दुवा काढला की पुढचा डावीकडे सरकतो, तोच घोळ!’ लगेच सीएसएस उघडून त्याने पुढच्या दुव्याला उजव्या कडेला खिळवलं. वहिनी ओट्यापाशी मोहरी निवडत बसल्या.

आमच्या ग्रुपच्या साइटवर एक मास्तर गडकिल्ल्यांवर लिहायचे. राजगडाच्या संजीवनी माचीवर लिहिलं आणि खाली ‘बालेकिल्ला पुढच्या लेखात’ असं टाकलं. तो लेख आलाच नाही, मास्तरच गेले. नंतर साइटवर पहिला लेख आला तो माझा, मिसळीवरचा. त्यामुळे बालेकिल्ल्याच्या वायद्याखाली ‘पुढचा लेख’ म्हणून झणझणीत कट दिसू लागला. शास्त्रीबुवांनी त्याच रात्री दुवे एकेका वर्गापुरते बांधून टाकले. गडांवर मास्तरांशिवाय कोणी लिहीत नसे, तेव्हा त्यांच्या लेखाखाली आता ‘पुढचा’ काही नाही.

मी म्हटलं, ‘निदान पहिल्या लेखाकडे तरी वळव.’

‘पुढचा नाहीये ना? मग नाही.’

साइटच्या नावाचे पैसे दरवर्षी हाच भरतो, हेही वहिनींकडून कळलं. स्वतः बोलला असेल तर शपथ.

माझी मिसळ मात्र ‘खाद्य’ वर्गात एकटी पडलीय, ना मागचा दुवा, ना पुढचा. तक्रार केली तर म्हणतो, ‘दुसरा लेख लिही की. असेल तर दाखवीन.’