एक फुल, एक हाफ

भुताची गोष्ट सांगणारा माणूस 'चला, तुम्हाला भुताची गोष्ट सांगतो' असं कधीच म्हणत नाही. तसं म्हणणारा नवशिका समजावा. मुरलेला गडी आधी नकार देतो. आज नको, पोरं घाबरतील, तिथीही बरी नाही, अशी कारणं सांगत सांगतच तो गोष्टीत शिरलेला असतो. आपल्या लक्षात येईपर्यंत पाऊस सुरू झालेला असतो, शेवटची गाडी सुटलेली असते आणि तिठ्यावर कुणीतरी हात दाखवत उभं असतं.

वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या घरी हे खातं काकांकडे आहे. काका एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ओटीवर बसलेली माणसं ते अजून डोळ्यांनी मोजतात. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं. आरत्या होतात, भजनी मंडळी उसळ आणि चहा घेऊन पुढच्या घरी जातात, आणि मग रिवाजाप्रमाणे लाईट जाते. पूर्वी हीच काकांची वेळ होती. गेल्या काही वर्षांत ठाण्याच्या पुतण्यानं घरात इन्व्हर्टर बसवलाय. त्यानं भुतांचा जेवढा बंदोबस्त केला तेवढा आजवर कुठल्या देवर्ष्याला जमला नसेल. आता लाईट गेली की काका स्वतः उठून इन्व्हर्टरचं बटण बंद करतात आणि 'बॅटरी जपून वापरूक व्हयी' म्हणत जागेवर येऊन बसतात.

भुतांच्या बाबतीत काकांचा कारभार एकदम दफ्तरी. भूत होणं ही काही कुणाही मेलेल्या माणसाला मिळणारी सवलत नव्हे, त्याला पात्रता लागते. मुंज झालेली पाहिजे आणि सोडमुंजीच्या आत माणूस गेलेला पाहिजे, तरच मुंजा. आणि त्याचा पत्ता पिंपळ. पाण्यात बुडून गेला तर गिऱ्हा, त्याची हद्द पाण्यापुरती. पुरलेल्या धनावर बसतो तो समंध. हाकामारी रात्री दारात येऊन नावानं हाक मारते, तिला पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. (या नियमाचा आमच्या घरातल्या पोरांनी फार गैरफायदा घेतलाय. आईनं विहिरीवरून मारलेल्या पहिल्या हाकेला आमच्याकडे कुणीही ओ देत नाही.) चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच त्या बांधावरून फिरत राहतो, तेव्हा खाली बसायचं आणि उजाडेपर्यंत उठायचं नाही. हल्ली चकवा कमी झालाय म्हणे. 'त्याचा काम मोबाईलातल्या नकाशाक दिलेला आसा,' इति काका. गेल्या चतुर्थीला पुण्याचे जावई गाडी घेऊन येताना त्या नकाशाच्या नादानं थेट कुणाच्या तरी वायंगणात उतरले होते, त्यामुळे यावर वाद झाला नाही.

वेतोबाची मात्र काका गोष्ट करत नाहीत. आरवलीचा वेतोबा आम्हाला जवळचा. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा. लोक त्याला नवसाच्या भल्यामोठ्या चामडी चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. काकांच्या मते बाकीची सगळी भुतं प्रवासी, वेतोबा लाइन चेकिंगवाला. चेकिंगच्या माणसाबद्दल गाडीत बसून बोलू नये, हा त्यांच्या नोकरीतला जुना संकेत.

आता साक्षीदार. भूत स्वतः पाहिलं असं सांगणारा काकांच्या लेखी थापाड्या. आणि 'कुणीतरी पाहिलं' म्हणणारा तर त्याहून कच्चा. भूत नेमक्या अंतरावरच्या माणसानं पाहिलेलं असावं लागतं. काकूच्या मावसभावाचा साडू, एवढ्या. म्हणजे त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवला तर काकूच्या माहेरचा अपमान होतो, आणि खातरजमा करायला जावं तर साडू बेळगावला राहतो. काकांची सर्वांत गाजलेली गोष्ट याच साडूची. तोही कंडक्टर, त्यांच्याच डेपोचा. ड्युटी खरं तर काकांची होती, पण घरी नारळ पाडायला माणूस यायचा होता म्हणून त्यांनी ती बदलून घेतली. त्या दिवशी नारळ किती निघाले हेही गोष्टीत येतं.

सावंतवाडीहून सुटणारी शिरोड्याची शेवटची गाडी. वस्तीची. साडेआठची. जुलैचा पाऊस, वायपर एकच चालू, तोही ड्रायव्हरच्या बाजूचा नव्हे. गाडीत सात माणसं. कोण कोण, ते काका सांगतात: एक मास्तर, दोन कोळणी रिकाम्या पाट्यांसकट, एक तापानं फणफणलेला मुलगा आणि त्याचा बाप, एक बांगडीवाला, आणि मागच्या सीटवर झोपलेला एक इसम, ज्याच्याबद्दल आपल्याला संशय येतो आणि तो शेवटपर्यंत फुकट जातो. मळेवाडच्या तिठ्यावर एक बाई चढते. कडेवर पोर. 'शिरोडा. एक फुल, एक हाफ.' साडू तिकिटं फाडतो, पंच करतो. बाई पैसे देते.

इथे काका थांबतात आणि अडकित्ता उचलतात.

त्या अडकित्त्याबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. पितळी आहे, पात्याला घोड्याचं तोंड आहे आणि बिजागरी सैल झाल्यानं कातरायच्या आधी तो एकदा कुरकुरतो. अंधारात काका सुपारी दिसत नसतानाही अचूक पकडतात. आधी ती कुर्र, मग काही क्षण काहीच नाही, आणि मग कट्ट! माझी बहीण लग्नाची झाली तरी त्या कट्टला दचकून शेजारच्याचा हात धरायची. सिनेमावाले याच कामासाठी साठ व्हायोलिनं लावतात.

'सुट्टे,' काका म्हणतात. 'मोजून सुट्टे दिल्यान. शेवटच्या गाडीक. भर पावसात.' हा खरा पहिला धक्का असतो, आणि एस.टी.नं फिरलेल्या कुणालाही तो बसतोच. दुसरा धक्का मागाहून येतो: बाई पावसातून चढलेली, आणि हातावर पडलेली नाणी कोरडी ठणठणीत. आजगावला साडू मागे वळून बघतो तर बाई आहे, पोर नाही. शिरोड्याला गाडी लागते. उतरतात सात. ट्रेमधली तिकिटं गेलीत नऊ. वेबिल जुळतं, रोकड जुळते, माणसं जुळत नाहीत.

बस्स. संपली गोष्ट. किंकाळी नाही, उलटे पाय नाहीत, मोकळे केस नाहीत. भूत असं म्हणाल तर जेमतेम एका थांब्यापुरतं. बाकी सगळं वेळापत्रक, नातीगोती आणि नारळ. पण त्या वायपरवर आपण विश्वास ठेवलेला असतो, कोळणींच्या पाट्यांवर ठेवलेला असतो, आणि मग तिठ्यावरच्या बाईला तेवढं 'खोटं' म्हणायची सोय उरत नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचून बसलेली आमच्या घरातली पोरंही या गोष्टीनंतर परसात एकटी जात नाहीत.

काकांना लागतो तो हुंकार. ऐकणाऱ्यानं दर वाक्याला 'हूं' म्हटलंच पाहिजे. नाही म्हटलं तर गाडी तिथेच उभी. म्हणूनच वेताळ-विक्रमाच्या जोडीतला विक्रम राजा त्यांच्या मनातून उतरलाय. ज्या श्रोत्यानं बोललं तर वेताळ पुन्हा झाडावर जातो, तो श्रोता कसला? 'राजा आसलो म्हणान काय झाला? बिचाऱ्या वेताळान पंचवीस कथा सांगितल्यान, आणि ह्याच्या तोंडातून एक शब्द काढूक डोक्याची शकलां करूची धमकी देवची लागली.'

पुण्याच्या जावयांनी एकदा त्यांना कायद्यात गाठायचा प्रयत्न केला. जादूटोण्याविरुद्ध 2013 साली कायदा झालाय, माहीत आहे ना? काकांना माहीत होतं. 'तो बुवांक. आमच्या बाईन कोणाकडसून एक पैसो घेवक नाय, उलट तिकीट काढल्यान.' आणि यात काकांचं मन अगदी साफ आहे. मागे एकदा गिऱ्ह्याची गोष्ट ऐकून धाकट्या नातीला ताप भरला. शेजारणीनं 'भगताकडे दाखवा' म्हटल्यावर काका तिच्यावर असे उखडले की ती महिनाभर आमच्या विहिरीवर आली नाही. पोरीला रिक्षात घालून ते सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेले. परतताना वाटेवर तळं लागलं, तेव्हा गिऱ्ह्याची उरलेली अर्धी गोष्ट पुरी केली.

यंदा ठाण्याच्या पुतण्याच्या डोक्यात आलं की हे सगळं मोबाईलवर टिपून ठेवावं. त्यानं सगळ्यांना दटावलं, आवाज नको, कुणी हूं-चूं करायचं नाही. काकांनी सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला अडले. 'झोपलात काय रे?' आम्ही माना हलवल्या. अंधारात माना कुणाला दिसणार? मळेवाड येईपर्यंत 'आयकतास मा?' पाचसहा वेळा झालं. ते सगळं तसंच टिपलं गेलं, आणि पुतण्यानं ते तसंच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं.

रात्री उशिरा बेळगावहून साडूंचा उलट आवाजी निरोप आला. आम्ही सगळे कानात प्राण आणून बसलो. साक्षात साक्षीदार बोलणार होता. घसा खाकरून साडू म्हणाले, 'गोष्ट बरोबर. पण ती गाडी साडेआठची नव्हे. नऊ दहाची.'

काका रात्रभर तळमळले. पहाटे उठून त्यांनी बेळगावला फोन लावला आणि अर्धा तास दोघे जुन्या वेळापत्रकावरून हातघाईवर आले. बाई, पोर, कोरडी नाणी यांवर दोघांचं आधीच एकमत होतं, त्यामुळे तो विषय निघालाच नाही. शेवटी काकांनी हार मानली.

दुसऱ्या रात्री गाडी नऊ दहाला सुटली. तिठ्यावर बाईला चाळीस मिनिटं जास्त उभं राहावं लागलं, आणि तेव्हापासून ती चढताना खोकते. जावयांनी लगेच हात वर केला: जी पावसात भिजत नाही, तिला खोकला कसा होईल?

काकांनी अडकित्ता खाली ठेवला. 'जावयबापूनू, तुमी ऱ्हवा बघूया चाळीस मिन्टा तिठ्यार उभे. मगे माका सांगा.'