त्याच रेकॉर्डची सहावी प्रत: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

वाळूज एमआयडीसीत राहून पैसे बुडवायचे मार्ग तसे बरेच आहेत. रमी आहे, भिशी आहे, रांजणगाव शेणपुंजीकडे प्लॉट घेऊन तो एनए व्हायची वाट बघणं आहे. पण या सगळ्या ठिकाणी गर्दी फार. ज्याला एकट्यानं, शांतपणे आणि स्टिरिओत बुडायचंय, त्यानं जॅझच्या रेकॉर्ड जमवाव्यात. नुसत्या रेकॉर्ड नव्हेत. एकाच रेकॉर्डच्या निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या देशांत निघालेल्या आवृत्त्या जमवायच्या आणि त्यांतली कुठली सरस वाजते, याचा निकाल जन्मभर लागू द्यायचा नाही.

माझा अधिकार विचाराल तर मी दिवसा एका कारखान्यात क्वालिटीला आहे. शाफ्टचा व्यास दहा मायक्रॉननं वाढला की सगळा लॉट परत पाठवतो. संध्याकाळी घरी येतो, रेकॉर्ड लावतो आणि ‘या प्रतीत हवा जास्त आहे’ असं जाहीर करतो. किती जास्त, असं कुणी विचारलं तर मला राग येतो. एवढी तयारी झाली की माणूस या छंदाला लायक झाला असं समजावं.

पायरी १ : घरच्यांना गाफील ठेवा

‘जॅझ’ हा शब्द पहिल्या दिवशी काढू नका. आधी १९५१ च्या ‘अलबेला’ची गाणी लावा. आई मान डोलावेल. मग सांगा की याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपल्या पुणतांब्याचे. त्यातला ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचा. मुंबईत त्याला ‘बॉम्बेचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणत. आणि मुंबईच्या रंगभवनात १९७८ साली पहिली जॅझ यात्रा भरली, तेव्हा सॉनी रोलिन्ससारखा बडा सॅक्सोफोनवाला येऊन वाजवून गेला होता. ‘यात्रा’ या शब्दावर आई पूर्ण विरघळते. आता पार्सलं यायला हरकत नाही.

पायरी २ : जे आहे तेच पुन्हा घ्या

सुरुवात माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’पासून करा. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झालेली ही रेकॉर्ड जगात सगळ्यांकडे असते, म्हणून ती तुमच्याकडे किमान सहा प्रतींत हवी.

कारण भक्कम आहे. पहिल्या दिवशी स्टुडिओतलं मुख्य टेपयंत्र किंचित हळू फिरत होतं. टेप हळू फिरत असताना भरली आणि बरोबर वेगानं वाजवली की सूर चढा लागतो. त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना तेहतीस वर्षं थोड्या चढ्या सुरात विकल्या गेल्या. जोडीला चालवलेल्या दुसऱ्या यंत्राच्या टेपवरून १९९२ च्या आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली. म्हणजे तुम्हाला चुकलेली प्रत हवी, कारण ती मूळ. दुरुस्त प्रत हवी, कारण ती बरोबर. आणि या दोन्हींत डावं-उजवं करण्यासाठी तिसरी हवी.

घरात कुणी गाणं शिकलेलं असेल तर त्यांना आपल्याकडचा दाखला द्या. सुरुवातीच्या काळातल्या तबकड्या सगळ्या अचूक ७८ फेऱ्यांच्या नसत. ७८ ची तबकडी ८२-८३ फेऱ्यांनी फिरवली तर गवयाची पांढरी चार थेट काळी तीन होते. एखाद्या जुन्या उस्तादाची खरी पट्टी कोणती, यावर दोन म्हातारे संग्राहक चहा थंड होईपर्यंत भांडतात. तुम्ही तीच परंपरा पुढे नेताय. फक्त चहा नाही, महिन्याचा ओव्हरटाइम थंड होतोय.

पायरी ३ : गाणं सोडा, काठ वाचा

रेकॉर्ड हातात आली की लगेच वाजवणं हे नवशिक्याचं लक्षण. आधी मोबाइलची बॅटरी तिरकी धरा, भिंग घ्या आणि लेबल व शेवटची रेघ यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेलं वाचा. ब्लू नोट कंपनीच्या जुन्या रेकॉर्डवर तिथं ‘आरव्हीजी’ दिसलं तर उभे राहा; ते ध्वनिमुद्रणकार रूडी व्हॅन गेल्डर यांची खूण. शेजारी कानाच्या आकाराची बारीक नक्षी दिसली तर बसा. ती प्लास्टिलाइट या कारखान्यात दाबलेल्या प्रतीची. दोन्ही दिसल्या तर पाणी प्या.

मग लेबलवरचा पत्ता. ‘७६७ लेक्सिंग्टन अव्हेन्यू’ असेल तर प्रत फार जुनी आणि फार महाग. ‘४७ वेस्ट ६३’ असेल तर थोडी नंतरची आणि तरीही महाग. कंपनीनं ऑफिस हलवलं, एवढ्यावरून माणसं आजही हजारो रुपयांचा फरक देतात. आपल्याकडे सेक्टर बदलला की कारखान्याला फक्त लेटरहेड नवं छापावं लागतं.

रविवारी जाफर गेटच्या बाजारात चक्कर टाकायला विसरू नका. तिथं जॅझ मिळणार नाही. पण आरत्या, बालगीतं आणि झाकण नसलेले कुकर यांच्यामधून एकेक रेकॉर्ड उन्हाकडे तिरकी धरून पाहिलीत की विकणाऱ्याला वाटतं तुम्ही जाणकार आहात, आणि तो भाव दुप्पट करतो.

पायरी ४ : वजनावर घ्या

नव्या आवृत्तीवर ‘१८० ग्रॅम’ असा गोल स्टिकर असतो. जुन्या साध्या रेकॉर्ड १२०-१४० ग्रॅमच्या. जाड रेकॉर्डवर रेघा काही जास्त खोल नसतात. सुई जिथं चालायची तिथंच चालते. तरी १८० म्हटलं की मन भरतं. खात्रीसाठी किराणा दुकानात काट्यावर ठेवून बघा. दुकानदार विचारील, ‘सर, यात काय पॅक करायचं?’ हसू नका.

जपानी प्रतीच्या डाव्या बाजूला कागदाचा उभा पट्टा गुंडाळलेला असतो, त्याला ‘ओबी’ म्हणतात. ओबी म्हणजे किमोनोचा कमरेचा पट्टा. पट्टा असलेली आणि नसलेली प्रत सारखीच वाजते, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. पैठणी नेसलेल्या बाईपेक्षा पैठणीच्या खोक्याला जास्त मान, असा हा प्रकार आहे.

पायरी ५ : मांडणी

बजाजनगरातल्या दोन खोल्यांच्या घरात रेकॉर्डप्लेअर ठेवणं म्हणजे चालत्या टेंपोत दाढी करणं. हमरस्त्यावरून कंटेनर गेला की सुई थरथरते, वरच्या मजल्यावर लसूण ठेचला की उडी मारते. उपाय सोपा आहे. खाली शहाबादी फरशी, तिच्याखाली अर्धे कापलेले चार टेनिस बॉल. मुलगा बॉल मागेल. त्याला सांगा, कलेसाठी त्याग करावा लागतो.

धुण्यासाठी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणा. काही शूर मंडळी रेकॉर्डवर लाकूडकामाचा पांढरा गोंद थापतात, वाळला की साल काढल्यासारखा अख्खा ओढून काढतात आणि त्याबरोबर रेघांमधली धूळ निघते. हे खरोखर जमतं. नाही जमलं तर पुढची प्रत घ्यायला कारण मिळतं, म्हणजे दोन्हीकडून फायदाच.

पायरी ६ : शब्दसंपदा वाढवा

तीन शब्द पाठ करा: ‘ऊब’, ‘हवा’ आणि ‘मंच’. खर्जात घुमलं तर ऊब, वरचं लखलखलं तर हवा, आणि वादक कुठं उभा आहे ते भिंतीवर बोटानं दाखवता आलं तर मंच. ड्रमवाला फ्रिजच्या डावीकडे, पियानो देव्हाऱ्याच्या खाली. एप्रिलमध्ये ‘ऊब’ शब्द वापरताना जरा जपून. पत्र्याच्या खोलीतला पाहुणा गैरसमज करून घेतो.

पायरी ७ : प्रत्यक्ष तुलना

आता ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली रचना लावा. आधी बास काहीतरी विचारल्यासारखा वाजतो, बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. भजनात बुवांनी ओळ टाकावी आणि टाळकऱ्यांनी झेलावी तसं. हे सगळं सोडून द्या. दीडेक मिनिटानं माइल्सचं ट्रम्पेट सुरू होताना जिमी कॉब झांजेवर एक टोला मारतो. आपल्याला कामाचा तेवढाच. तो ऐका, सुई उचला, दुसरी प्रत लावा, पुन्हा तोच टोला ऐका. सव्वानऊ मिनिटांची रचना आहे. मी ती दीड मिनिटापर्यंत सहाशे वेळा ऐकली आहे.

‘अहो, हे कालचंच ना?’ असा प्रश्न आतून येईल. शांतपणे सांगा, ‘कालची १९९७ ची होती.’

दोन गोष्टी मात्र कटाक्षानं टाळा. एक, दोन्ही प्रतींचा आवाज सारखा करू नका. जी प्रत किंचित मोठ्यानं वाजते तीच कानाला चांगली वाटते, हे ध्वनितज्ज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आवाज सारखा केलात की निम्मे फरक नाहीसे होतात, मग छंदात राहतं काय?

दोन, कारखान्यातला ऑडिओमेट्रीचा रिपोर्ट कपाटात कुलूपबंद ठेवा. आठ तासांसाठी गोंगाटाची मर्यादा ९० डेसिबल असते; प्रेस शॉपमध्ये ती किती पाळली जाते ते तुमच्या कानांना माहीत. गोंगाटानं बाधलेल्या कानाच्या आलेखात पहिला खड्डा पडतो तो ४,००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे झांजेची लखलख असते तिथंच. आणि चाळिशीनंतर १५-१६ हजारांच्या वरचं बहुतेकांना ऐकूच येत नाही. माझ्या आलेखात तो खड्डा इतका ठळक आहे की कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला लाल गोल केलाय. मी डॉक्टरांना एवढंच म्हटलं, ‘तुमच्या मशीनमध्ये हवा कमी आहे.’

पायरी ८ : डिजिटलला नाकं मुरडा

‘मला डिजिटल लगेच कळतं’ हे वाक्य आरशासमोर म्हणून बघा. चेहऱ्यावर किंचित दुःख हवं. २०२२ चं प्रकरण निघालं तर विषय बदला. अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या नामांकित कंपनीच्या महागड्या आवृत्त्या मूळ टेपवरून थेट कापलेल्या, शुद्ध ॲनालॉग आहेत, अशी जगभरच्या संग्राहकांची श्रद्धा होती. त्या साली उघड झालं की कित्येक रेकॉर्ड बनवताना मध्ये डिजिटल टप्पा होता, तोही काही वर्षांपासून. मंडळी कोर्टात गेली. ज्यांना डिजिटल लगेच कळतं, त्यांना ते कळायला बातमी वाचावी लागली. त्यांच्याबद्दल सहानुभूती बाळगा. लवकरच तुम्ही त्यांच्यात असाल.

पायरी ९ : अप्राप्य प्रतीचा ध्यास घ्या

प्रत्येक संग्राहकाची एक न मिळणारी प्रत असते. तुमची ही ठरवा: १९७७ साली दोन व्हॉयेजर यानांवर पाठवलेली सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी, वेग १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेऱ्या. तिच्यावर लुई आर्मस्ट्राँग आहे आणि आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. ती भैरवी मिळवताना नासाच्या मदतनिसांची दमछाक झाली. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या घरगुती उपकरणांच्या दुकानात, पत्त्यांच्या टेबलाखालच्या धुळकट खोक्यात ती सापडली. रस्ता कोणता? लेक्सिंग्टन अव्हेन्यू. ज्या रस्त्याचं नाव लेबलवर दिसलं की जॅझवाले पाकीट काढतात, त्याच रस्त्यावर केसरबाई टेबलाखाली पडून होत्या.

२०१७ साली या तबकडीची व्हिनाइलवर नवी आवृत्ती निघाली आणि तिला ग्रॅमीही मिळालं. आवाजासाठी नव्हे, खोक्यासाठी. ती जरूर घ्या. मूळ प्रतीशी तुलना करणं मात्र थोडं अवघड जाईल. व्हॉयेजर १ सध्या सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटरवर आहे. प्रत न वाजवलेली आहे, ओरखडा नाही, पण पोस्टेज वेगळं पडेल.

पायरी १० : लाईट जाते तेव्हा

हा प्रसंग तुमच्यावर येणारच. परवा माझ्यावर आला. सहावी प्रत लावली, बास सुरू झाला, झांज यायला दहा सेकंद होती आणि लाईट गेली. तबकडी मंदावत गेली, सूर खाली खाली जाऊन थांबला. खोलीत अंधार. दूर कुठल्या तरी कारखान्याचा जनरेटर तेवढा चालू.

आणि स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता ती धून गुणगुणली जाऊ लागली. आधी बासचा प्रश्न. मग पलीकडून, गणिताच्या वहीवर पेन्सिल आपटत, मुलाचं दोन सुरांचं उत्तर. पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर. झांजेची जागा आली तेव्हा ताटावर उलथनं वाजलं, आणि दोघं न थांबता पुढे गेली.

अशा वेळी नवशिके हमखास चुकतात. जाऊन तिथं बसतात, ऐकत राहतात, एखादा तर दाद देतो. तसं करू नका. जागेवरून हलू नका, डोळे मिटा आणि कान देऊन पट्टी तपासा. सूर किंचित चढा लागतोय. म्हणजे १९९२ च्या आधीची आवृत्ती. अंधारात चाचपडत वही काढा आणि नोंद करा: ऊब भरपूर, मंच स्वयंपाकघरापर्यंत, प्रत विकाऊ नाही.