कोनाचा कोन कोणता?

दुकानातल्या पोराने विचारलं, "नऊ, बारा की वीस?"

मला वाटलं, तो तापमानाबद्दल बोलतोय. मिनेसोटात जानेवारीत अनोळखी माणसं एकमेकांशी दुसऱ्या विषयावर बोलतच नाहीत. मी म्हटलं, "आत्ता उणे वीस. सकाळी जास्त होतं."

पोरगा सोशिक होता. हातातला दोरीला लटकवलेला काळा ठोकळा उलटा करून तो म्हणाला, हा ट्रान्सड्यूसर. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून पाण्यात सोडायचा. हा खाली आवाज सोडतो, तळावर आणि माशांवर आपटून परत आलेला आवाज ऐकतो, आणि वर फ्लॅशर नावाच्या सोनार यंत्राच्या गोल तबकडीवर रंगीत रेघा पेटतात. पण आवाज काही ओळंब्यासारखा सरळ खाली उतरत नाही, पसरत पसरत जातो. आईस्क्रीमचा कोन पालथा धरल्यासारखा. तर प्रश्न असा, की या कोनाचा कोन कोणता हवा?

किंमत तिन्हींची सारखीच होती. त्याच पैशात नऊच्या दुपटीहून जास्त अंश मिळत असताना नऊ घेणारा मराठी माणूस मला अजून भेटायचाय. मी वीस घेतले.

चुकलो, इथे भेटलाय. आमचे साडू. ते मूळचे सोलापूरचे. मी मालवणचा, आजोबांबरोबर खाडीत गरवायला जाऊन वाढलेला. आजोबांकडे सोनार म्हणजे गावात दागिने घडवणारा तेवढाच. पाण्याची खोली ते दोरीला दगड बांधून वावांत मोजत आणि मासा आहे की नाही ते बोटावरच्या दोरीला विचारत. एवढा वारसा असूनही बर्फावरच्या मासेमारीत माझे गुरू साडूच, कारण मिनेसोटात ते माझ्या सहा वर्षं आधी आले. आमच्या नात्यात ज्येष्ठता अशीच ठरते.

मिल लॅक्स नावाचं एक अवाढव्य तळं आहे, मिनियापोलिसच्या उत्तरेला. पसरलंय अफाट, पण खोल म्हणाल तर जेमतेम ४० फुटांच्या आसपास. हिवाळ्यात त्यावर मोटारी चालतात. पायी जायला ४ इंच स्वच्छ बर्फ पुरतो असं सरकार सांगतं; मी मात्र साडूंची गाडी पुढे गेल्यावरच पाऊल टाकतो. गिरमिटाने ८ इंचांचं भोक पाडलं. खाली ३० फूट पाणी. आजोबांच्या हिशेबात पाच वाव.

फ्लॅशर लावला आणि तबकडीवर दिवाळी! हिरव्या रेघा येतायत, जातायत. मी गरी वर-खाली नाचवतोय. तासभर नाचवली. एकाही माशाने तोंड लावलं नाही. शेजारी साडूंच्या तबकडीवर दुष्काळ. मधूनच एखादी रेघ उमटायची, हिरव्याची नारिंगी, नारिंगीची लाल व्हायची, आणि साडू वॉलआय नावाचा मासा वर काढायचे. दोन झाले, तीन झाले.

"काय राव," ते म्हणाले, "तुम्ही शेजाऱ्याच्या पंगतीतली जिलबी बघताय."

रात्री घरी दुकानाच्या पावतीमागे त्रिकोणमिती मांडली. खोलीला अर्ध्या कोनाच्या टॅनने गुणा आणि दुप्पट करा. २० अंशांचा कोन ३० फुटांवर जवळजवळ साडेदहा फूट रुंद वर्तुळ बघतो. ९ अंशांचा, पावणेपाच फूट. म्हणजे मला दिसणारा मासा गरीपासून पाच फूट लांब असू शकतो, आणि तबकडीला अंतर कळतं, दिशा कळत नाही. कडेच्या माशाचा प्रतिध्वनी क्षीण, म्हणून रेघ हिरवीच राहते. हिरवं दिसलं की मी हुरळायचो, आणि मासा आपल्या वाटेने चाललेला असायचा.

त्यात आमच्या भोकाखालचा तळ उतरता होता. माझ्या रुंद कोनाची एक कड उताराच्या वरच्या बाजूला आधी टेकायची. यंत्र तिथेच तळ आला असं धरून जाड लाल पट्टा काढायचं, आणि खालच्या बाजूला तळालगत फिरणारे वॉलआय त्या पट्ट्यात गडप. वॉलआयला तळालगतच राहायचं असतं. म्हणजे धरता न येणारे मासे मला दिसत होते आणि धरता येणारे दिसत नव्हते.

पुढच्या शनिवारी मी ९ अंशांचा घेऊन हजर. साडू हसले, "आज पर्च मासे. उथळ खाडीत." आठ फूट पाणी! तिथे ९ अंशांचं वर्तुळ जेमतेम सव्वा फुटाचं, जेवणाच्या ताटाहून थोडंसं मोठं. दिवसभर त्यात मला माझी स्वतःची गरी तेवढी दिसली, अत्यंत स्पष्ट. साडूंनी त्या दिवशी २० अंशांचा आणला होता. तो कुठून, विचारलं, तर म्हणाले, "तुमच्याच डब्यातला. तुम्हाला नकोय ना आता?"

एक गोष्ट त्यांनी मला तिसऱ्या खेपेला सांगितली, तीही चहा संपल्यावर. कोन म्हणजे काही भिंत नव्हे. डब्यावर छापलेले अंश म्हणजे आवाजाचा जोर निम्म्यावर येतो तिथवरची हद्द. त्यापलीकडेही आवाज जातोच. फ्लॅशरचं गेन, म्हणजे प्रतिध्वनी मोठा करायचं बटन, वाढवलं की कडेबाहेरचे मासेही दिसू लागतात, कमी केलं की दृष्टी मधोमध येते. मी पहिल्या दिवशी ते बटन शेवटपर्यंत पिळून ठेवलं होतं. फुकट होतं ना.

बटन दाबून अरुंद-रुंद करता येणारा ट्रान्सड्यूसरही मिळतो. मी बायकोपाशी विषय काढला. ती म्हणाली, "दोन यंत्रं झाली, मासे किती झाले?"

तर तीस फुटांवर आणि उतारावर नऊ किंवा बारा, आठ-दहा फुटांवर वीस, आणि गेन माशाची नव्हे, आपल्या गरीची रेघ जेमतेम दिसेल एवढंच. ठोकळा पाण्यात सरळ लटकतोय ना तेवढं बघा. आणि साडू भेटले तर हे मी सांगितलं असं बोलू नका. माझा वीसवाला अजून त्यांच्याकडेच आहे.