वर्गप्रतिनिधीची आदर्श निवडणूक

लोकसभा निवडणूक मुलांना समजावून सांगायला पिंपरी-चिंचवडइतकं सोयीचं शहर नाही. महापालिका एक, खासदार एकाहून अधिक. चिंचवडच्या मुलाचा मतदारसंघ मावळ. तो घाट उतरून कर्जत, पनवेल करत थेट उरणच्या समुद्राला टेकतो. शेजारच्या भोसरीतल्या मुलाचा शिरूर. त्यात चाकणही आहे, जुन्नरही आणि हडपसरही. नागरिकशास्त्र आणि भूगोल, दोन्ही तास एकाच नकाशात उरकतात.

ही उत्तम पद्धत शाळांनीही उचलावी. सातवी 'अ'चे पुढचे बाक उरणच्या शाळेला जोडावेत, मागचे जुन्नरच्या. खडू संपल्याची तक्रार वर्गप्रतिनिधीने घाटापलीकडून ऐकावी. मुलांना मत नसतं, हा काही अडथळा नव्हे. पालकांकडून मतदानाचं संकल्पपत्र भरून आणायचं काम त्यांच्याकडे दिलं जातंच. गृहपाठ पालकांनी करायचा, ही प्रथा जुनीच आहे.

एखादं चौकस पोर विचारेल, "खासदार दिल्लीत, मग आमच्या गल्लीतल्या नळाचं कोण बघतं?" त्याला सांगावं, नगरसेवक. तेही निवडूनच येतात. 2017 मध्ये आले होते. मार्च 2022 मध्ये त्यांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक लगेच जानेवारी 2026 मध्ये झाली. मधल्या काळात, 13 मे 2024 रोजी, शहराने दिल्लीसाठी मतदान केलं. गल्ली मात्र प्रशासकांकडे होती.

तेव्हा यंदा वर्गप्रतिनिधीची निवडणूक लांबली, तर मुलांनी कुरकुर करू नये. मुख्याध्यापकांना प्रशासक म्हणावं आणि गप्प बसावं.