एवढंसंच आहे

ही आत्या तुमच्याकडेही असणारच. गाव वेगळं, पिशवी तीच. आमची सातारची. तिच्यासमोर ‘मी उद्या सांगलीला चाललोय’ हे वाक्य उच्चारायचं नाही, हे घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. कारण त्यावर आत्या अगदी हळू, माफी मागितल्यासारखी म्हणायची, “मग एवढंसं नेशील का रे?”

एवढंसं म्हणजे दोन किलो कंदी पेढे, कोरेगावचा वाघ्या घेवडा, मेतकुटाची बरणी आणि सांगलीच्या धाकट्या आत्याच्या नातवासाठी दुपटी. बरणी आडवी करायची नाही, पेढ्यांवर घेवडा ठेवायचा नाही. म्हणजे कराड, पेठ नाका, आष्टा सगळं मांडीवर बरणी धरून बघायचं. बरं, आत्यानं आवाज कधी चढवला नाही. भांडखोर बाईला नाही म्हणता येतं. मऊ बाईपुढे माणूस काय करणार?

येताना सांगलीची पिशवी असायचीच, कारण डबा रिकामा परत करायचा नसतो. हळद, बेदाणे, भडंग. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. मी आत्याला बातमी वाचून दाखवली. ती म्हणाली, “आता तरी पिशवी सांभाळून आणशील.”

१९४९ साली सरकारनं साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा काढला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली जिल्हा ठेवलं. आत्याला ही वाटणी कधीच पटली नाही. “घर एकच आहे, खोल्या वेगळ्या केल्यात,” म्हणायची.

पुढे नातेवाईक हुशार झाले. सांगलीच्या लग्नांना चोरून जाऊ लागले. मग आत्यानं थेट स्टँड गाठला. सांगली गाडीच्या खिडकीशी उभी राहून विचारायची, “बाळा, शेवटपर्यंत ना?” बाळ साठीचं असायचं. गाडी हलेपर्यंत बाळाची गुडघेदुखी आणि बाळाच्या मुलीचं अडलेलं लग्न आत्याला कळलेलं असे, आणि पिशवी बाळाच्या मांडीवर. “एवढंसंच आहे.”

२०२२ साली पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली. आम्हाला हायसं वाटलं. आता जाईल आपली आपण. आत्या म्हणाली, “फुकट आहे म्हणून काय रोज उंडारायचं? आणि मी गेले तर इथं पिशवी कोण भरणार?”

त्याआधीचा ऑगस्ट २०१९ आठवतो. कोयनेतून पाणी सोडलं होतं, पाऊस थांबत नव्हता. आत्या फोनवर धाकटीला सांगत होती, “आमच्याकडनं पाणी निघालंय गं, माडीवर जा.” साताऱ्याहून सांगलीला कुणाच्याही मांडीवर न बसता गेलेली तेवढी एकच गोष्ट. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट. कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली.

रस्ते उघडल्यावर मदतीचे ट्रक निघाले. त्यातल्या एका ड्रायव्हरला आत्यानं गाठलंच. “एवढंसंच आहे.” पोती होती. कडक भाकरी, चटणी, मेणबत्त्या, आणि तिच्या कपाटातल्या निम्म्या साड्या. मी म्हटलं, धाकट्या आत्याचा पत्ता दे त्याला. “तिचा कशाला? ती माडीवर आहे. पहिली जी भेटेल तिला दे म्हणावं.” साड्यांत तिची ठेवणीतली इरकलही गेली. मी बघितलं, बोललो नाही.

मागच्या वर्षी आत्या गेली. तेराव्याला कोण कोण अनोळखी माणसं आली. एक निवृत्त कंडक्टर होता. एक बाळ होतं. मुलीच्या लग्नाचे पेढे राहिले होते म्हणाला. त्यांना कळवलं कुणी, ते शेवटपर्यंत समजलं नाही.

आता कुरिअर आहे. पेढे दुसऱ्या दिवशी पोचतात आणि ते कुठवर आले तेही मोबाईलवर दिसतं. पिशवीच्या काळात मात्र चहा व्हायचा, चहावरून जेवण, जेवणावरून मुक्काम. सांगलीच्या भावंडांशी माझी ओळख ती एवढीच. आता आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, रोज सुप्रभात होतं.

परवा कामानं सांगलीत होतो. हात मोकळे होते. आतेभावाला फोन केला, “येऊ का रे संध्याकाळी?”

“ये की,” तो म्हणाला, आणि जरा थांबून, “काय काम काढलंस?”