तो आत्ताच गेला

नागपूरच्या कोणत्याही पानठेल्यावर उभं राहून मोठ्यानं एवढंच म्हणा, की काल उमरेडहून परतताना रात्र झाली. ठेलेवाला सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत असतो, तो काही थांबणार नाही. पण बाकड्यावरचे एक गृहस्थ मान वर करतील आणि नाडी पाहणाऱ्या डॉक्टरच्या आवाजात विचारतील, "किती वाजले होते?"

"साडेनऊ असतील."

"कुठं होते तुम्ही साडेनऊले?"

"पाचगावच्या आसपास."

"हुकला मंग तुमचा. तो पावणेदहाले निघते."

कोण निघतो, हे विचारायचं नसतं. निघणारा वाघ असतो आणि सांगणारे वाघभाऊ असतात. आडनाव काहीही असो, प्रत्येक लेआउटमध्ये हे एक तरी सापडतातच.

वाघभाऊ तयार होतो तो अपडाउनमुळे. घर नागपुरात, नोकरी भिवापूर, कुही, काटोल नाहीतर देवलापारला. मास्तर, तलाठी, लाइनमन, बियाण्यांच्या कंपनीचा माणूस, कोणीही चालतो. सकाळी जायचं, रात्री यायचं, आणि मधल्या साठ-सत्तर किलोमीटरमध्ये करमणुकीला काही नाही. त्यात आमच्या शहराची बैठकच अशी की थाप मारायला निघालेल्या माणसाला भूगोलच साथ देतो. उत्तरेला पेंच, पश्चिमेला बोर, आग्नेयेला उमरेड-पवनी-कऱ्हांडला, दक्षिणेला दोन-अडीच तासांवर ताडोबा. पुण्याच्या माणसानं सातारा रस्त्यावर वाघ दिसल्याचं सांगितलं तर लोक त्याला घरी पोचवतील. नागपुरात कोणत्याही रस्त्याचं नाव घ्या, ऐकणारा पहिला प्रश्न विचारतो तो "नर का मादी?" हाच.

शिवाय यात सोय आहे. उशिराचं कारण म्हणून टायर पंक्चर झाल्याचं सांगणारा मास्तर बोलणी खातो. 'वाघ आडवा होता' म्हणणाऱ्याला चहा मिळतो. हे खोटं आहे असं म्हणायची मुख्याध्यापकांची हिंमत नसते, कारण गेल्या महिन्यात त्यांनीही तेच कारण दिलेलं असतं.

भाऊंचं वाघदर्शन ठरलेल्या पद्धतीनं होतं. रस्ता सुनसान. चंद्र असतो, पण कामापुरता. "समोर उभा. माह्याकडे पाहून राह्यला. मी त्याच्याकडे पाहून राह्यलो. मी लाइट डीम केला, त्यानं मान हलवली, अन् गेला."

"मान कशाला हलवली?"

"ओळखते ना तो गाडी!"

फोटो नसतो. तो विचारणाऱ्याकडे भाऊ कीव आल्यासारखं पाहतात. "वाघ समोर असताना मोबाइल काढाचं सुचते का बाप्पा?" साक्षीदार मात्र असतो. त्या दिवशी गाडीवर मागं एक जण बसलेलाच होता. दुर्दैवानं त्याची पुढच्याच आठवड्यात गडचिरोलीला बदली झाली. दिवाळीत सांगताना वाघ रस्त्याच्या कडेला असतो, संक्रांतीपर्यंत मधोमध येतो आणि होळीला त्यानं बोनेटवर पंजा ठेवलेला असतो. भाऊंकडे मोटारसायकल आहे. तिला बोनेट कुठून आलं, हे विचारणं आमच्याकडे असभ्यपणाचं समजतात.

त्यांचा खास वाघ म्हणजे जय. हा जय खराच. नागझिऱ्याहून शंभरावर किलोमीटर तुडवून तो २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यात आला आणि त्यानं ते नवंकोरं अभयारण्य देशभर गाजवलं. गळ्यात कॉलर होती, तरी २०१६ च्या एप्रिलनंतर तो कोणाला दिसला नाही. वन खात्यानं शोधला, वाघप्रेमींनी शोधला, चौकशीच्या मागण्या झाल्या. सापडला नाही. भाऊंना मात्र तो त्यानंतरही नियमित भेटत राहिला. "चालीवरून ओळखला. थकला आता बिचारा," असं ते कालपरवापर्यंत सांगत होते. जंगलात वाघ किती वर्षं जगतो याचा हिशेब कोणी मांडला, तर भाऊ त्याच्याकडं पाठ करून पुडीतला खर्रा तोंडात टाकतात. वाद संपला.

बरं, असल्या माणसाला एकदा तरी तोंडघशी पाडावं, तर तेही नशिबात नसतं. २०१९ च्या नोव्हेंबरात भाऊ ठेल्यावर येऊन म्हणाले, "मिहानमधी वाघ हाय." त्या दिवशी ठेलेवालासुद्धा हसला. मिहान म्हणजे विमानतळाच्या बाजूला, आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारतींचा प्रदेश. तिथं वाघ काय लॉग-इन करायला येणार? दोन-चार दिवसांतच तिथं पंजांचे ठसे असल्याची बातमी आली. वन खात्यानं कॅमेरे लावले आणि त्यात वाघ आला, चांगला पट्टेदार. भाऊंनी ते पेपरचं कात्रण लॅमिनेट करून घेतलं. तेव्हापासून त्यांची मागची सगळी थकबाकी आम्हाला खरी मानावी लागते आहे.

बिबट्याला ते किंमत देत नाहीत. २०२१ च्या उन्हाळ्याअखेर गायत्रीनगरच्या बाजूला बिबट्या शिरला, तेव्हा निम्मं शहर वाघभाऊ झालं होतं. गच्चीगच्चीवरून टॉर्च फिरत होते आणि रस्त्यावरच्या प्रत्येक पिवळ्या कुत्र्याला आयुष्यात पहिल्यांदाच मान मिळत होता. खरे वाघभाऊ मात्र दार लावून झोपले. "बिबट म्हणजे मांजरच हाय ते," एवढंच त्यांचं मत.

सरकारी आकड्यांशीही त्यांचं जमत नाही. मनसर ते खवासा हा जुना सात नंबरचा हायवे, म्हणजे आताचा चव्वेचाळीस, पेंचच्या जंगलातून जातो. तो चौपदरी करायचा ठरला तेव्हा वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या आणि शेवटी जनावरांना खालून जाता यावं म्हणून रस्ताच नऊ ठिकाणी खांबांवर उचलला. त्यातला सगळ्यात लांब भाग साडेसातशे मीटरचा आहे. भाऊ तेव्हा म्हणाले होते, "वाघाले काय पाटी वाचता येते? खालून जा म्हणून कोण सांगन त्याले?" पुढं देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं त्या पुलांखाली कॅमेरे लावले. २०१९ मध्ये काही महिन्यांतच १८ जातींची जनावरं खालून ये-जा करताना टिपली गेली. सगळ्यात जास्त चितळ होते, पण त्यात वेगवेगळे ११ वाघही निघाले. हे मी भाऊंना मुद्दाम वाचून दाखवलं. ते जराही विचलित झाले नाहीत.

"अकरा खालून गेले ना? बरोबर हाय. मले वरतं दिसला तो बारावा."

आता त्यांच्या हाताला प्लास्टर बसलं, त्या दिवसाचं. ठेल्यावर हकीकत अशी होती की भिवापूरकडून येताना वाघानं झेप घेतली, भाऊंनी गाडी वळवली, वाघ हुकला, हात मोडला. सगळे गंभीर झाले. मी भेटायला घरी गेलो. भाऊ आतल्या खोलीत होते आणि वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या.

"वाघ म्हणे वहिनी?"

"कायचा वाघ भाऊजी! डुक्कर होतं. एक गेलं म्हणून यायनं गाडी काढली, तं मागून अख्खी बारात आली. यायनं गाडी सोडली अन् बाभळीवर चढले. हात तं उतरताना मोडला."

आतून आवाज आला, "अंधार होता, तुले काय माहीत!"

भाऊंच्या खोटेपणाचं मला इथं कारण कळलं, आणि ते तसं सन्मान्य आहे. वाघानं पाडलं म्हटलं की माणसाची इज्जत वाढते. डुकरानं पाडलेल्या माणसाला कोणी चहा देत नाही. पण आमच्या रस्त्यांवर खरोखर गाठ पडते ती डुकराशी आणि रोह्याशीच. रोही, म्हणजे पुस्तकातली नीलगाय, हे जनावर रात्री तुरीच्या शेतातून थेट डांबरावर येतं. दोनशे किलोच्या वर भरणारा काळसर नर अंधारात दिसतच नाही. त्याचे पाय उंच. गाडी पायांना लागते आणि धड काचेवर येतं. शेतकऱ्याला त्याचं कौतुक नाही. तो बायकोच्या जुन्या साड्या कुंपणाला बांधतो, रात्री जागलीला जातो, आणि कोणी कोणी तारेत वीज सोडतो, ज्यात मग डुकराबरोबर वाघही मरतो. या सगळ्यावर भाऊंकडे एकही गोष्ट नाही. रोज दिसणाऱ्या जनावराची गोष्ट होत नाही, हा ठेल्याचा कायदाच आहे.

एकदाच भाऊ गोष्ट न सांगता बसलेले पाहिले. २०१७ च्या डिसेंबरअखेरीस बोरचा बाजीराव नावाचा वाघ अमरावती रस्त्यावर बाजारगावजवळ गाडीच्या धडकेत मेला. तो वाघ भाऊंनी आधी पाहिलेला असणारच. लोक वाट पाहत होते. भाऊ म्हणाले, "स्पीड किती असंन बे त्या गाडीचा?" आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी जय पुन्हा दिसला.

तर वाघभाऊंच्या दहा गोष्टींतल्या नऊ खुशाल सोडून द्या. प्लास्टर निघाल्यावर ते एक मात्र वाघाचं नाव न घेता सांगू लागले, आणि ते खरं आहे. उमरेड, काटोल किंवा देवलापारच्या रस्त्यानं रात्री येत असाल तर जंगलपट्ट्यात चाळीसच्या वर जाऊ नका. एक डुक्कर किंवा एक रोही रस्ता ओलांडून गेलं की लगेच गाडी काढू नका. ते एकटंच असेल असं नाही. जखमी जनावर दिसलं तर १९२६ ला फोन करा, तो वन खात्याचा क्रमांक आहे. आणि खरोखरच वाघ दिसला, तर ठेल्यावर सांगायला जाऊ नका. भाऊ वेळ विचारतील आणि म्हणतील, "तो नाही हो. तो तं आत्ताच गेला."