टाइपरायटरचा पुनर्जन्म, मुक्काम पोस्ट जालना

२०१४ मध्ये हॉलिवूडचे नट टॉम हँक्स यांच्या नावाने आयपॅडसाठी ‘हँक्स रायटर’ नावाचे अ‍ॅप आले. काचेवर बोट टेकवले की खटखट ऐकू येते. ‘फोकसरायटर’ या सॉफ्टवेअरातही टाइपरायटरचा आवाज चालू करता येतो. म्हणजे ज्या खडखडाटाने एक पिढी बेजार झाली, तोच आता हौसेने ऐकायचा. एवढा खटाटोप कशाला? या मंडळींनी सरळ जालन्याची गाडी पकडायची होती. आम्ही हा प्रयोग केव्हाच यशस्वी केला आहे, आणि तोही टेंडर न काढता.

१ मे १९८१ रोजी आपला जिल्हा झाला, तेव्हा सरकारी कागद टाइपरायटरवरच निघत. २००९ च्या सुमारास गोदरेजने टाइपरायटर बनवणे थांबवले. यंत्र गेले, आत्मा मात्र संगणकाच्या रेमिंग्टन कळफलकात शिरून बसला. ‘कि’ टाइप करायचा तर आधी वेलांटी, मग क. ‘ख’, ‘भ’, ‘श’ हवे असतील तर आधी अर्धे अक्षर, मग काना. ती लोखंडी दांड्यांची मजबुरी होती. संगणकात दांड्या नाहीत, मजबुरी शाबूत आहे.

पुढची प्रगती कृतिदेवची. या फॉन्टात लिहिलेले पत्र तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडा, ‘जिल्हाधिकारी’ साहेबांची रोमन अक्षरांत भेळ झालेली दिसेल. युनिकोड येऊन जमाना झाला, पण सवयीचा जीआर कोण काढणार? मग प्रिंट काढा, सही-शिक्का मारा, स्कॅन करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. मंठ्यात किंवा भोकरदनला कुणीतरी तो फोटो बघून सगळे पुन्हा टाइप करेल. शीर्षक मधोमध आणायला स्पेसबार, ओळ संपली की एंटर. अस्सल टाइपरायटर याहून वेगळा काय होता?

एक गोष्ट मात्र आम्हाला पुन्हा उभी करता आली नाही. पूर्वी नाव चुकले की मूळ प्रत खोडा, कार्बनखालच्या प्रतीही खोडा. फारच चुकले तर कागद नव्याने चढवा. त्या धाकाने टंकलेखक आधी मजकूर वाचायचा, मग बोटे चालवायचा. आता मागच्या वर्षीचे पत्र उघडायचे, नाव बदलायचे, तारीख तशीच ठेवायची. मोसंबीच्या पंचनाम्याचे विचारावे, तर विहिरीच्या अनुदानाचे उत्तर यावे. दुरुस्ती मागितली की साहेब मीटिंगला, ऑपरेटर रजेवर, आणि सोमवारी या.

लिपिक-टंकलेखकाला मराठीत मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो. टाइप केलेले एकदा वाचून बघण्याचा वेग अजून कुठल्याच परीक्षेत आलेला नाही.

तेव्हा अ‍ॅपवाल्यांनो, आवाज तुमच्याकडेच राहू द्या. चूक झाली की अख्खे पान पुन्हा टाइप करायला लावणारे काही बनवा. टाइपरायटरवर चुकीची किंमत टंकलेखक मोजायचा. संगणकावर ती अर्जदार मोजतो, एसटीच्या तिकिटासकट. आणि वाचकहो, ते अ‍ॅप येईपर्यंत पत्र हातात पडले की खिडकी सोडण्याआधी आपले नाव, गाव आणि तारीख तपासून घ्या.